आधी विहीर, मग चर्च : क्लनॉग वाउरला जाताना

उत्तर वेल्सला येणारी आपली मंडळी स्नोडनचा डोंगर आणि कार्नार्वनचा किल्ला बघून माघारी फिरतात. कार्नार्वनहून पुथ्लहेलीच्या रस्त्याला लागलं की साधारण 16 किलोमीटरवर क्लनॉग वाउर हे छोटंसं गाव लागतं. एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला समुद्र. इथे संत बेयनोचं चर्च आहे आणि त्याची विहीर. मी लिव्हरपूलला राहते, तीनदा जाऊन आले. पहिल्या खेपेला चर्च बघितलं आणि घाईघाईनं बस पकडली. विहीर राहूनच गेली. म्हणून सांगते, आधी विहिरीवर जा.

गाडी नसेल तर रेल्वेनं बँगरपर्यंत या, तिथून बसनं कार्नार्वन, मग पुथ्लहेलीची बस. परतीच्या बसची वेळ निघण्यापूर्वीच बघून ठेवा. चर्च उघडं असेल का, तेही आधी विचारून घ्या. वेल्श नावांना घाबरू नका. त्यातला ‘वाय’ पुष्कळदा आपल्या ‘अ’सारखा उच्चारतात, त्यामुळे ती देवनागरीत छान बसतात. कुणी रस्ता दाखवला तर ‘डिओल्ख’ म्हणा, म्हणजे धन्यवाद. माणसं लगेच खुलतात.

विहीर, म्हणजे ‘फनन बेयनो’, चर्चपासून चालत पाचेक मिनिटांवर, जुन्या रस्त्याच्या कडेला आहे. आपल्याकडच्या खोल आडासारखी नाही; झऱ्याचं पाणी साठवणारं चौकोनी कुंड आहे. भोवती दगडी भिंत, पाण्यापर्यंत पायऱ्या, बसायला दगडी बाक, वर मोकळं आभाळ. पावसात पायऱ्या शेवाळानं निसरड्या होतात, तेव्हा चांगली पकड असलेले बूट घाला. दुसऱ्या खेपेला आई सोबत होती. ती मूळची राजापूरची. भिंतीच्या आत पाऊल टाकण्याआधी तिनं चपला बाहेर काढल्या. तिला कुणी काही सांगितलं नव्हतं.

पाण्यात नाणी टाकू नका, कुंकू-फुलंही नकोत आणि ते पिऊही नका. हात बुडवा, डोळ्यांना लावा, एवढं पुरे. मग बाकावर दहा मिनिटं गप्प बसा. पूर्वी आजारी माणसांना, विशेषतः लहान मुलांना, या पाण्यात आंघोळ घालत आणि तिथून उचलून बेयनोच्या समाधीवर रात्रभर निजवत. 18व्या शतकात टॉमस पेनंट या प्रवाशानं त्या समाधीवर अंथरलेली पिसांची गादी पाहिली होती. अंग लुळं पडलेला एक गरीब माणूस तिच्यावर रात्र काढून गेला होता. म्हणूनच विहिरीकडून चर्चकडे चालत जावं. त्या माणसांना उचलून नेणाऱ्यांची वाट हीच.

चर्चची आजची इमारत 16व्या शतकाच्या आसपासची, गावाच्या मानानं फारच मोठी. एन्थ्ली (इंग्रजीत बार्डसी) या पवित्र बेटाकडे निघालेल्या यात्रेकरूंचा इथे मुक्काम पडे. बेयनोनं सातव्या शतकात इथे मठ उभारला असं मानतात. त्याचा सण 21 एप्रिलला असतो. आत गेल्यावर ‘कीफ बेयनो’ शोधा. एकाच ओंडक्यातून कोरून काढलेली ही पेटी. कानावर विशिष्ट खूण घेऊन जन्मलेलं वासरू किंवा कोकरू बेयनोचं मानलं जाई आणि त्याचे पैसे या पेटीत पडत. देवाच्या नावानं सोडलेलं जनावर आपल्याला काही नवं नाही. जवळच एक लांबलचक लाकडी चिमटा आहे. प्रार्थनेच्या वेळी भांडणारी कुत्री त्यानं धरून बाहेर काढत.

मग अरुंद बोळातून बेयनोच्या चॅपेलमध्ये, म्हणजे चर्चला जोडलेल्या छोट्या प्रार्थनाघरात जा. हा बोळ सावकाश चाला. समाधी आता तिथे नाही, पण ‘माएन बेयनो’ हा दगड आहे. त्यावर एक साधा क्रूस कोरलेला आहे, तो बेयनोनं नुसत्या अंगठ्यानं ओढला अशी श्रद्धा. आईनं आपला अंगठा त्या रेषेजवळ नेला, क्षणभर थांबली आणि मागे घेतला.

मी तिला ग्वेनफ्रेवीची गोष्ट तिथेच सांगितली. बेयनोची ही भाची. तिचं मस्तक एका सरदारानं उडवलं आणि बेयनोनं ते पुन्हा धडावर बसवलं. पुढे ती दरवर्षी मामासाठी एक झगा पाण्यावर सोडी आणि तो तरंगत क्लनॉगला पोचे, तोही कोरडाच. आईला मस्तकापेक्षा झगाच जास्त पटला. ‘मामाला थंडी वाजत असणार,’ म्हणाली.

बाहेर पडल्यावर लगेच रस्त्याला लागू नका. चर्चच्या आवारात जुनं दगडी सूर्यघड्याळ उभं आहे. ऊन असेल तर सावली कुठे पडते ते बघा, आणि मग समुद्राकडे तोंड करून थोडं थांबा. तो झगा तिकडूनच यायचा.