मुलं घसरायला गेली, आपण काय करायचं?

नौपाड्यात माझं पोळी-भाजी केंद्र आहे. एकवीस वर्षं तव्यासमोर उभी आहे, त्यामुळे उष्णतेचं सगळं कळतं, थंडीचं काही म्हणजे काही कळत नव्हतं. ठाण्यात थंडी पडली म्हणजे पंखा दोनवर करायचा, एवढीच अक्कल. तरी लागोपाठ दोन फेब्रुवारी मी गुलमर्गला जाऊन आले. मुलगा आणि सून तिथे स्की शिकतात. मला गुडघ्यामुळे डॉक्टरांनी मांडी घालायचीच बंदी केलीय, तिथे पायाला पट्ट्या बांधून डोंगर कुठला उतरतेय! पहिल्या वर्षी तीन दिवस हॉटेलच्या काचेला नाक लावून बसले. दुसऱ्या वर्षी खोलीत फक्त झोपायला गेले. मधल्या वर्षात जे कळलं ते लिहिते. ज्यांची मुलं, नवरे, जावई घसरायला जातात आणि ज्यांना सामान सांभाळायला बसवलं जातं, त्यांच्यासाठी.

सगळ्यात आधी एक गोष्ट. स्की करणारा माणूस तापतो, आणि त्याला बघत उभा राहणारा गारठतो. मला हे पहिल्या वर्षी कळलंच नाही. सून जॅकेटची चेन उघडी टाकून, घामेजलेली, "आई, काय मस्त हवा आहे ना!" म्हणत होती आणि मी तिच्याच शेजारी, तिच्याइतकेच कपडे घालून दात वाजवत होते. तेव्हा "आम्ही जे घेतो तेच तुम्ही घ्या" हा मुलांचा सल्ला ऐकू नका. आपल्याला त्यांच्यापेक्षा एक थर जास्त लागतो. आणि दिवसाची आखणीही वेगळी लागते: पाऊण तास बाहेर, वीस मिनिटं आत, पुन्हा बाहेर. एका जागी उभं राहायचं नाही.

जायचं कधी? काश्मीरात २१ डिसेंबरपासून चाळीस दिवस चिल्लई कलान, म्हणजे सगळ्यात कडक थंडी. त्यानंतर वीस दिवस चिल्लई खुर्द, मग दहा दिवस चिल्लई बच्चा. नाताळच्या सुट्टीत सगळे धावतात, पण तेव्हा बर्फ असेलच असं नाही. २०२४ च्या जानेवारीत तर गुलमर्ग कोरडं पडलं होतं, लोक मातीवर उभे राहून फोटो काढत होते. मी फेब्रुवारीचा पहिला पंधरवडा धरते. बर्फ साचलेला असतो आणि थंडी किंचित नरमलेली असते.

कपड्यांत सुती काही नको. सुती बनियन घामाने ओलं झालं की अंगावर गार फडका ठेवल्यासारखं बसतं. जीन्सचंही तेच, एकदा भिजली की दिवसभर वाळत नाही. अंगाला चिकटून बसणारं थर्मल, त्यावर लोकर किंवा फ्लीस, सगळ्यावर वारा-पाणी अडवणारं जॅकेट आणि तशीच पँट. हातमोजे दोन जोड, कारण एक भिजतोच. पायमोजे मात्र एकावर एक तीन चढवू नका. मी चढवले होते. बूट इतके घट्ट झाले की बोटं बधिर पडली, कारण रक्तच पोचेना. एक पातळ, एक लोकरीचा, आणि बुटात बोटं हलायला जागा, एवढं पुरतं.

बूट-कोट गुलमर्गच्या घाटाखालच्या टंगमर्ग गावात भाड्याने मिळतात. पहिल्या वर्षी घाईत घेतलेले गमबूट आतून ओले निघाले आणि डावा उजव्यापेक्षा एक नंबर मोठा. आता मी आत हात घालून बोटांपर्यंत चाचपून बघते, दोन्ही घालून दुकानातच चार फेऱ्या मारते. गुडघ्याचं दुखणं असेल तर बुटांवर चढवायचे रबरी काटे इथूनच घेऊन जा. नवे बूट घेतलेत तर महिनाभर आधी तलावपाळीला रोज दोन फेऱ्या त्यांत मारा. लोक बघतात. बघू देत.

श्रीनगरहून गुलमर्ग पन्नासेक किलोमीटर. बर्फ पडलेला असला की टंगमर्गपासूनचा शेवटचा तेरा किलोमीटरचा घाट चाकांना साखळ्या लावलेल्या किंवा चारही चाकं ओढणाऱ्या स्थानिक गाडीनेच चढायचा. तिथे गाडी बदलावी लागते, हे पैशांत आणि वेळेत आधीच धरा. पहिली रात्र श्रीनगरला काढलेली बरी. गुलमर्ग साधारण २,६५० मीटरवर आहे. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर, म्हणजे कळसूबाईच्या डोक्यावर आणखी हजार मीटर. समुद्रसपाटीवरून उठून एका दिवसात तिथे गेलं की डोकं धरतं. मी पहिल्या दिवशी भरपूर कोमट पाणी पिते आणि काहीही बघायला जात नाही.

गोंडोला म्हणजे दोरीवरचा पाळणा. त्याचे दोन टप्पे आहेत. १९९८ मध्ये सुरू झालेला पहिला टप्पा कोंगडोरीपर्यंत नेतो, नऊ-दहा मिनिटांत साधारण ३,१०० मीटर उंचीवर. २००५ मध्ये सुरू झालेला दुसरा अफरवट डोंगराच्या खांद्यावर, चार हजाराला थोडं कमी. तिकीट आधीच ऑनलाइन काढा, तिथे जाऊन रांगेत मिळेल या भरवशावर राहू नका. लोक विचारतील, दुसऱ्या टप्प्याला गेला नाहीत? मी दोनदा तिकीट काढलं, एकदा वाऱ्यामुळे पाळणा बंद, एकदा गेले. वर हवा विरळ, वारा कापणारा, आणि स्की नसेल तर दहा मिनिटांनी करायचं काही उरत नाही. रक्तदाब, दमा, हृदयाचं काही असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय वर जाऊच नका. माझं म्हणाल तर कोंगडोरीच खरी. तिथे चहा मिळतो, बसायला मिळतं, आणि शिकाऊ मंडळी धपाधप पडताना दिसतात. हवा स्वच्छ असली तर लांब उत्तरेला ८,१२६ मीटरचा नंगा पर्वत दिसतो. सकाळी लवकर गेलात तरच, दुपारी ढग येतात.

स्लेजवाले उतरल्या उतरल्या गराडा घालतात. "माताजी, चार पॉइंट, चार पॉइंट!" लाकडी पाटावर आपण बसायचं आणि माणूस दोरीने ओढतो. मला आधी संकोच वाटला, धडधाकट बाईने माणसाकडून ओढून घ्यायचं! पण जो माणूस ओढत होता तो म्हणाला, हिवाळ्याचे हे तीन महिनेच कमाई. मग बसले. चढावर मात्र मी उतरून चालते. बसण्याआधी ठरवायचं ते असं: कुठून कुठे, किती वेळ, एका माणसाचे की दोघांचे, आणि पैसे शेवटीच. "जो ठीक लगे दे देना" याला हो म्हणायचं नाही, ते सगळ्यात महाग पडतं. बर्फावरच्या मोटारी मला आवडल्या नाहीत. पेट्रोलचा वास घ्यायला मला घोडबंदर रोड आहे.

खरी मजा चालण्यात आहे, आणि ती फुकट आहे. उन्हाळ्यात जिथे गोल्फ खेळतात ते अख्खं मैदान हिवाळ्यात पांढरी परात होतं. त्याच्या कडेने मळलेल्या वाटेने जायचं. मध्ये टेकाडावर १९०२ च्या सुमाराचं सेंट मेरी चर्च आहे. दार बंद असलं तरी तिथवरची चढण छान. चालताना बदकासारखं चालायचं: पाऊल लहान, तळवा सपाट, हात खिशाबाहेर. टाच आधी टेकवली की आपटलातच. एका सकाळी ताज्या बर्फावर ठशांची एक सरळ ओळ दिसली. कुत्र्याची पावलं इकडेतिकडे भरकटतात, ही मात्र ओळंबा लावल्यासारखी, एका ठशापुढे एक. हॉटेलचा पोऱ्या म्हणाला, कोल्हा. तिथे लाल कोल्हे वस्तीपर्यंत येतात. ठसे कचऱ्याच्या डब्यापर्यंत गेले होते आणि तिथे मात्र सगळा गोंधळ उडालेला.

मळलेली वाट सोडून मात्र जाऊ नका. स्की करणाऱ्यांच्या रेषा वर झाडीत जाताना दिसतात, त्यांच्या मागे जायचा मोह होतो. अफरवटच्या उतारांवर हिमकडे कोसळतात. २०२३ च्या फेब्रुवारीत दोन परदेशी स्कीअर त्यात गेले, २०२४ च्या फेब्रुवारीत आणखी एक. आपल्याला तिकडे काही काम नाही.

ऊन लागतं, हे कुणी सांगत नाही. ताजा बर्फ बरंचसं ऊन परत तोंडावर फेकतो. माझ्या नाकाची खालची बाजू भाजली होती! नाकाच्या खाली आणि हनुवटीखालीही सनस्क्रीन लावा, काळा चष्मा काढू नका.

आता "आत" घालवायच्या वीस मिनिटांबद्दल. मी त्या वेळात कांगडी बघत बसते. वेताची विणलेली टोपली, आत मातीचं भांडं, त्यात कोळशाचे निखारे, वरून राख. फेरन, म्हणजे काश्मिरी लांब सैल झगा, त्याच्या आत पोटाशी धरतात. हॉटेलच्या चौकीदाराने मला ती हातात दिली आणि मी पटकन राख उकरून निखारे उघडे केले, शेगडी पेटवायची सवय! तो हसायलाच लागला. राख बाजूला सारली की कांगडी तासात संपते, राखेखाली दबवली की दिवसभर पुरते. बाजूला बांधलेल्या छोट्या चमच्याने फक्त कडेची राख थोडी हलवायची. माझी आजी रात्री चुलीत विस्तव असाच पुरून ठेवायची. पण बंद खोलीत, झोपताना कांगडी किंवा लाकडाची बुखारी, म्हणजे खोली तापवायची शेगडी, ठेवू नका, कोळशाचा धूर न दिसताही जीव घेतो. खिडकीला बोटभर फट हवीच.

कहवा सगळे पितात, केशर-वेलची-बदामाचा. तुम्ही नून चहाही घेऊन बघा. पानं तासन् तास उकळून, सोडा घालून, ढवळून ढवळून गुलाबी केलेला आणि चवीला खारट. पहिला घोट विचित्र लागतो. चहा समजू नका, सार समजा, मग जमतो. त्याबरोबर टंगमर्गच्या कांदरकडची, म्हणजे तंदूरवाल्याची, गरम गिर्दा रोटी. मी तिथे अर्धा तास उभी राहिले. तो पिठाच्या गोळ्यावर बोटांनी रेघा ओढतो आणि हात थेट भट्टीत घालून रोटी चिकटवतो. एकवीस वर्षं पोळ्या करून माझी तशी छाती नाही. शाकाहारी असाल तर राजमा, हाक म्हणजे तिथली पालेभाजी, आणि नदरू, म्हणजे कमळकाकडी, यांवर मजेत निभतं. डिंकाचे लाडू मात्र घरून न्या.

आपलं इकडचं प्रीपेड सिम तिथे चालत नाही, घरातल्या एकाकडे तरी पोस्टपेड हवं. आम्ही पहिल्या दिवशी एकमेकांना हरवून बसलो ते यामुळेच. तेव्हापासून भेटायची जागा आणि वेळ सकाळीच ठरते: दीड वाजता, गोंडोलाच्या खालच्या स्टेशनशेजारची चहाची टपरी. थंडीत फोनची बॅटरी बघता बघता उतरते, म्हणून फोन आतल्या खिशात, अंगाच्या उबेला. चारनंतर डोंगराची सावली मैदानावर येते आणि थंडी एकदम चावायला लागते, त्याआधी खोली गाठा. रात्री बूट हीटरला चिकटवून ठेवू नका, तळ निघतो. आत वर्तमानपत्र कोंबा, सकाळपर्यंत कोरडे होतात.

परतीच्या विमानाच्या दिवशी दुसरं काही ठरवू नका, बर्फ पडला की उड्डाणं रखडतात. मी येताना एक रिकामी, न वापरलेली कांगडी आणली, साडीत गुंडाळून. विमानतळावर तीन जणांनी उलटीपालटी करून बघितली. सध्या केंद्रात खुंटीला टांगलीय, तिच्यात लसूण ठेवते.