सदतीस विहिरींचा नकाशा: जीपीएस आणि जीआयएस शिकताना

पुसद तालुक्यातल्या आमच्या शिवारातल्या सदतीस विहिरी मी पहिल्यांदा संगणकावर उघडल्या, तेव्हा त्या ओडिशात होत्या. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होतो. भूगोलाच्या सरांनी कॉलेजचं हातातलं जीपीएस यंत्र आठ दिवसांसाठी दिलं होतं. उन्हात वावरं तुडवून प्रत्येक विहिरीचे आकडे मी वहीत उतरवले होते, आणि आता सगळे ठिपके सव्वासहाशे किलोमीटर पूर्वेला जाऊन बसले होते.

चूक सापडायला दोन दिवस लागले. यंत्र यूटीएम पद्धतीत आकडे दाखवत होतं. या पद्धतीत पृथ्वीचे सहा-सहा अंशांचे उभे पट्टे पाडलेले असतात. ७२ ते ७८ अंश पूर्व रेखांशांमधला पट्टा ४३ वा, त्यापुढचा ८४ पर्यंतचा ४४ वा. पुणे, नाशिक, लातूर, अकोला ४३ मध्ये. वर्धा, नागपूर, चंद्रपूर ४४ मध्ये. आमचा यवतमाळ जिल्हा नेमका ७८ अंशांच्या दोन्ही बाजूंना पसरलाय. पुसद, दिग्रस पश्चिमेला. यवतमाळ शहर, पांढरकवडा, वणी पूर्वेला. यंत्रावर प्रत्येक आकड्याआधी ‘४३ क्यू’ लिहून येत होतं. मला ते बिनकामाचं वाटलं, म्हणून वहीत घेतलंच नाही. संगणकावर बसल्यावर जिल्ह्याचं ठिकाण ४४ मध्ये म्हणून मी ४४ निवडला, आणि तेच आकडे शेजारच्या पट्ट्यात जाऊन बसले.

जीआयएस, म्हणजे संगणकावर नकाशे आणि त्यांची माहिती हाताळण्याचं काम, शिकू पाहणाऱ्या मुलामुलींना मी पहिली हीच गोष्ट सांगतो. सॉफ्टवेअरमध्ये कुठलं बटण कुठं आहे, ते तीन महिन्यांत हाताला बसतं. आपल्या हातातला आकडा कुठल्या पद्धतीतला आहे आणि किती मीटरपर्यंत खरा आहे, हे कळायला जमिनीवर उभं राहावं लागतं. नोकरी देणारा माणूस तेवढंच तपासतो.

सुरुवात मोबाइलवर करा. जीपीएसला इंटरनेट लागतं असा पुष्कळांचा समज असतो. उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून आपली वेळ आणि जागा सांगत असतात आणि मोबाइल ते फक्त ऐकतो. रेंज नसली तरी ते चालतं, फक्त पहिल्यांदा जागा पकडायला वेळ लागतो. किमान चार उपग्रह दिसावे लागतात. तीन जागेसाठी, चौथा मोबाइलच्या घड्याळातली चूक काढण्यासाठी. आता बहुतेक फोन अमेरिकेच्या जीपीएसबरोबर रशिया, युरोप आणि चीनचे उपग्रहही धरतात, काही फोन भारताचे नाविक उपग्रहही.

एसडब्ल्यू मॅप्स किंवा क्यूफील्ड हे ॲप घ्या. मागचा नकाशा घरूनच उतरवून न्या. विहिरीजवळ गेल्या गेल्या ठिपका टाकू नका. पडद्यावर अचूकतेचा आकडा दिसतो, तो उतरत उतरत स्थिर होईपर्यंत एक-दोन मिनिटं थांबा. मोकळ्या वावरात तो तीन ते पाच मीटरवर येतो. आंब्याखाली किंवा उंच भिंतीलगत लवकर येत नाही, कारण लहरी अडतात, आपटून वाकड्या वाटेनं येतात. तो आकडाही नोंदवा.

वही ठेवाच. अंश, मिनिटं, सेकंद आणि दशांश अंश यांची गल्लत मी फार पाहिली आहे. १९ अंश ५४ मिनिटं ३० सेकंद घाईत कोणी १९.५४३० असं टाइप करतं. खरा आकडा १९.९०८३. फरक चाळीस किलोमीटरांचा पडतो. दशांश अंशात लिहिताना पाच स्थळं पुरतात. पाचवं स्थळ म्हणजे जमिनीवर साधारण एक मीटर. मोबाइलच्या नोंदीला आठ-आठ स्थळं लावलेली यादी दिसली की ती तयार करणाऱ्याला आपलं साधन माहीत नाही, हे लगेच कळतं.

आता संगणक. क्यूजीआयएस हे नकाशांचं सॉफ्टवेअर मोफत आहे आणि आमच्या प्रयोगशाळेतल्या चार जीबीच्या जुन्या मशिनवरही चालायचं. आधी प्रक्षेपण (गोल पृथ्वी सपाट नकाशावर आणायची पद्धत) आणि ईपीएसजी क्रमांक (आकड्यांच्या प्रत्येक पद्धतीला दिलेला नंबर) समजून घ्या: पुसदसाठी ३२६४३, नागपूरसाठी ३२६४४, नुसत्या अक्षांश-रेखांशांसाठी ४३२६. मग सर्व्हे ऑफ इंडियाच्या संकेतस्थळावरून तुमच्या भागाची १:५०,००० प्रमाणाची टॉपोशीट, म्हणजे सविस्तर नकाशा, घ्या. नोंदणी केलेल्या भारतीय नागरिकाला ती पीडीएफमध्ये मोफत मिळते. ती क्यूजीआयएसमध्ये तिच्या खऱ्या अक्षांश-रेखांशांवर बसवा आणि ओढे, रस्ते, गावठाण एकेक करून गिरवा. कंटाळा येईल. पण तपकिरी समोच्च रेषा हातानं गिरवताना पाणी कुठून कुठं उतरतं ते डोळ्यात बसतं. पुढे उंचीच्या डेटावरून पाणलोट काढताना संगणकानं ओढा चुकीच्या बाजूला वळवला, तर मग तो लगेच खटकतो. सेंटिनल-२ या उपग्रहांची चित्रं त्यानंतर घ्या, त्यांतला एक ठिपका जमिनीवर १० मीटरचा असतो. तीही मोफत आहेत आणि दर पाच दिवसांनी नवी येतात, पावसाळ्यात मात्र ढग फार.

फीबद्दल स्पष्ट बोलतो, कारण घरचे पैसे जातात. मी एका खासगी क्लासला फी भरली. वडिलांनी त्यासाठी कापूस थोडा आधीच विकला होता. तिथं तयार डेटावर बटणं दाबायला शिकवली, एकदाही बाहेर नेलं नाही. देहरादूनच्या आयआयआरएस या इस्रोच्या संस्थेचे ऑनलाइन अभ्यासक्रम मोफत असतात आणि हजेरी पूर्ण केली की प्रमाणपत्र मिळतं. तीन महिने क्यूजीआयएसवर स्वतःचा एक नकाशा करून बघा. तरीही आवड टिकली तर जिओइन्फॉर्मॅटिक्सच्या, म्हणजे याच विषयाच्या, एम.एस्सी.कडे वळा. इंजिनिअरिंगच्या मुलांसाठी २०२२ पासून गेट या परीक्षेत जिओमॅटिक्सचा स्वतंत्र पेपर आहे.

पहिली नोकरी बहुतेकांना डिजिटायझेशनची, म्हणजे संगणकावर नकाशे गिरवण्याची, मिळते. माझीही तशीच होती, दिवसभर पाइपलाइन आणि घरं गिरवणं. पगार थोडा होता, पण वर्षभरात हात बसला आणि दुसऱ्याच्या चुका ओळखता येऊ लागल्या. मग पाणलोटाचं काम करणाऱ्या एका संस्थेत गेलो. फेब्रुवारी २०२१ मध्ये केंद्र सरकारनं नकाशे आणि मोजणीवरची बरीचशी बंधनं उठवली, त्यामुळे खासगी कंपन्यांना रान मोकळं झालं. स्वामित्व योजनेत गावठाणांची ड्रोननं मोजणी झाली. व्यावसायिक ड्रोन उडवायला दहावी पास, अठरा वर्षं पूर्ण आणि मान्यताप्राप्त संस्थेतलं प्रशिक्षण लागतं. भूमी अभिलेखमध्ये भूकरमापक व्हायचं असेल तर जाहिरातीतली पात्रता आधी वाचा. तिथं सिव्हिल डिप्लोमा किंवा आयटीआयचा सर्व्हेअर ट्रेड मागतात, भूगोलाची पदवी पुरत नाही. माझ्या दोन मित्रांना हे फार उशिरा कळलं.

एक गोष्ट मात्र कधीच करू नका. गावात तुमच्या हातात जीपीएस दिसलं की कोणीतरी धुऱ्याचा, म्हणजे शेताच्या बांधाचा, वाद घेऊन येईल. माझ्याकडे शेजारचे काकाजी आले होते. म्हणाले, “बाबू, तुह्या मशिनीवर पाहून सांग, धुरा कोनाकडं सरकला.” त्यांच्या डोळ्यांत फार आशा होती. मी त्यांना मातीत काडीनं आकडेमोड करून दाखवली. धुरा शंभर मीटर लांब, माझी चूक तीन मीटरची, म्हणजे तीनशे चौरस मीटर. एक गुंठा ३३ फूट लांब-रुंद, म्हणजे १०१ चौरस मीटर. माझ्या यंत्राच्या चुकीत तीन गुंठे जमीन इकडची तिकडे होऊ शकत होती. ते बराच वेळ त्या रेघांकडे पाहत राहिले. मी त्यांना मोजणीचा अर्ज लिहून दिला. सरकारी मोजणीत आता रोव्हर हे जास्त अचूक यंत्र वापरतात. त्याला जमिनीवरच्या स्थिर केंद्राकडून दुरुस्ती मिळत असल्यानं चूक काही सेंटिमीटरांवर येते, आणि त्याच नकाशाला कायद्यात किंमत आहे. आपल्या मोबाइलच्या ठिपक्यावरून दोन भावांत कोर्टकज्जा लागला, तर ते पाप आपलं.

मुलाखतीत मला क्यूजीआयएसबद्दल एकच प्रश्न आला. बाकी वेळ मुलाखत घेणाऱ्या मॅडम त्या सदतीस विहिरींचा नकाशा आणि वही बघत होत्या. अकरा नंबरच्या विहिरीपुढं पाण्याची पातळी कोरी का, हे त्यांनी विचारलं. मालक घरी नव्हते आणि विचारल्याशिवाय मी वावरात शिरलो नव्हतो, असं सांगितलं. ती कोरी जागा अंदाजानं भरली नाही, हे त्यांना आवडलं, असं रुजू झाल्यावर त्यांनी सांगितलं.

तुम्हीही तुमच्या गावापासून सुरू करा. विहिरी, बोअर, बंधारे, काहीही चालेल, पण स्वतः पायी जाऊन पाहिलेलं हवं. मालकाला विचारून जा. प्रत्येक ठिपक्याला तारीख, खोली, काठापासून पाणी किती खाली, अचूकता आणि फोटो जोडा. पहिली मोजणी मे महिन्यात, पाणी सगळ्यात खाली गेलेलं असताना, आणि दुसरी पावसाळा संपल्यावर, दिवाळीच्या आसपास करा. सोबत एक जण असू द्या, कठडा नसलेल्या विहिरीवर एकट्यानं वाकू नका. टेपच्या टोकाला वजन बांधा, नाहीतर तो पाण्यावर तरंगतो आणि आकडा चुकतो.