आयकराची डिमांड आली? वकील गाठताना या चुका टाळा

डिमांडचा, म्हणजे आयकर खात्याने मागितलेल्या थकबाकीचा, आकडा दिसला की माणूस नोटीस वाचत नाही, फोन लावतो. आधी मेहुण्याला, मग मेहुण्याच्या सीएला, मग त्या सीएच्या ओळखीतल्या वकिलाला. करसल्लागाराच्या कामात अशी प्रकरणं येतात तेव्हा हातात असतो तो व्हॉट्सअ‍ॅपवरचा पहिल्या पानाचा तिरका फोटो. कलम कापलेलं, तारीख अंगठ्याखाली. वकील कोण हवा, मुळात हवा का, हे त्या दोन गोष्टींवरच ठरतं.

नोटीस खरी आहे का, हे आधी पाहा. १ ऑक्टोबर २०१९ पासून आयकर खात्याच्या पत्रावर डीआयएन म्हणजे ओळखक्रमांक असतो. तो ई-फायलिंग पोर्टलवर लॉगिन न करताही तपासता येतो.

मग कलम बघा (इथली कलमं १९६१ च्या आयकर कायद्यातली). कलम १४३(१) असेल तर ती बहुधा बंगळुरूच्या सीपीसीतल्या, म्हणजे रिटर्न तपासणाऱ्या केंद्रातल्या, संगणकाने केलेली आकडेमोड असते. रिटर्नमध्ये टीडीएस (आधीच कापलेला कर) दाखवला पण फॉर्म २६एएसमध्ये, म्हणजे तुमच्या नावावर जमा कराच्या उताऱ्यात, तो दिसत नाही, कर भरण्याच्या चलनात वर्ष चुकलं, अशी कारणं. यासाठी वकिलाला फी मोजू नका. पोर्टलवर ‘रिस्पॉन्स टु आउटस्टँडिंग डिमांड’मध्ये जाऊन असहमती नोंदवा आणि कलम १५४ खाली दुरुस्तीचा अर्ज करा. त्याला फी नाही. कंपनीने पगारातून टीडीएस कापला पण सरकारात भरलाच नाही, अशी तक्रार असेल तर कलम २०५ तुमच्या बाजूने आहे: कापलेला कर तुमच्याकडून पुन्हा मागता येत नाही. पगाराच्या पावत्या आणि बँकेचा उतारा मात्र जपून ठेवलेला हवा.

कलम १४३(३), १४४ किंवा १४७ चा आदेश असेल तर गोष्ट वेगळी. इथे अधिकाऱ्याने तुमचं उत्पन्न वाढवून धरलेलं असतं आणि त्याला उत्तर द्यायला जाणकार माणूस लागतो. तो शोधण्यात लोक महिना घालवतात, आणि हातात महिनाच असतो. डिमांड भरायला साधारण ३० दिवस, पहिलं अपील करायलाही ३० दिवस. मुदत टळली की दर महिन्याला १ टक्का व्याज, महिन्याचा तुकडाही पूर्ण महिना धरून. ५ लाखांवर महिना ५,०००. उशिरा केलेलं अपील दाखल करून घेतात, पण उशिराचं कारण पटवावं लागतं. ‘चांगला वकील शोधत होतो’ हे कारण टिकत नाही.

‘अपील केलंय, आता काही होत नाही’ हा गैरसमज तर फार महागात पडतो. अपिलाने वसुली आपोआप थांबत नाही. त्यासाठी स्थगितीचा (स्टेचा) वेगळा अर्ज करायचा असतो. केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाच्या ३१ जुलै २०१७ च्या सूचनेप्रमाणे सर्वसाधारणपणे वादातल्या रकमेच्या २० टक्के भरले की स्थगिती मिळते. सबळ कारण असेल तर कमीतही. हा अर्जच केला नसेल तर एके दिवशी बँक खातं गोठल्याचा मेसेज येतो. अपील केलं म्हणून सांगणाऱ्याला पुढचा प्रश्न हाच विचारा: स्टेचा अर्ज कुठे आहे, त्याची पोच दाखवा.

सीए की वकील? पहिल्या अपिलापर्यंत, अगदी त्यापुढच्या अपिलाच्या न्यायाधिकरणातही दोघं चालतात, आणि आकड्यांचा वाद असेल तर चांगला सीए अनेकदा सरस ठरतो. उच्च न्यायालयात मात्र वकीलच लागतो. खटला भरला जाण्याची भीती असेल, बेहिशेबी व्यवहार असतील, तर पहिल्या दिवसापासून वकील गाठा. अशिलाने सांगितलेली गोष्ट गुप्त ठेवण्याचं जे कायदेशीर संरक्षण वकिलाला आहे, ते सीएला नाही. बोर्डावर ‘टॅक्स कन्सल्टंट’ लिहिणारा वकील असेलच असं नाही, तेव्हा वकिलीची सनद विचारायला लाजू नका.

आता ‘सेटलमेंट’वाले. अमेरिकेत आयआरएसकडे, म्हणजे तिथल्या कर खात्याकडे, थकबाकी कमी रकमेत मिटवण्याची ‘ऑफर इन कॉम्प्रमाइज’ नावाची सोय आहे. तिथल्या जाहिराती मोबाइलवर पाहून इथेही लोक विचारतात, किती टक्क्यांत मिटेल? आपल्याकडे अशी कायमची सोय नाही. करप्रकरणं तडजोडीने मिटवणारं सेटलमेंट कमिशन १ फेब्रुवारी २०२१ पासून बंद झालं. करवाद मिटवण्याची ‘विवाद से विश्वास’ २०२० आणि २०२४ मध्ये आली, पण ती मुदतीची योजना होती आणि करदात्याच्या अपिलात तिथेही साधारणपणे वादातला कर पूर्ण भरावाच लागे, सूट व्याज-दंडाची. एरवी हाती राहतं ते हप्ते मागणं, किंवा खरोखरची अडचण दाखवून व्याजमाफीचा अर्ज. यापलीकडे ‘आत ओळख आहे’ म्हणणाऱ्याच्या पायरीवरून परत फिरा. ‘जेवढं कमी करून देईन त्याचे २० टक्के माझे’ म्हणणारा वकील तर बार कौन्सिलचा नियमच मोडतोय: निकालावर अवलंबून फी ठरवायला वकिलाला बंदी आहे.

सगळ्यात साधी आणि सगळ्यात जास्त घात करणारी चूक पोर्टलच्या प्रोफाइलमध्ये असते. पंधरा वर्षांपूर्वी ज्याने रिटर्न भरलं त्याचाच ईमेल, त्याचाच मोबाइल. तो माणूस आता धंदा सोडून गावी गेलेला. अपिलं आता बहुतेक फेसलेस चालतात, म्हणजे सुनावणीच्या नोटिसा पोर्टल आणि ईमेलवरच. त्या गावच्या माणसाच्या इनबॉक्समध्ये साठत राहतात, इकडे अपील एकतर्फी फेटाळलं जातं, आणि अशील नव्या वकिलासमोर शपथेवर सांगत असतो, ‘साहेब, मला एकही नोटीस आली नाही.’ ईमेल आणि मोबाइल स्वतःचा टाका, पासवर्ड बदला, आणि नव्या वकिलालाही पासवर्ड देण्याऐवजी पोर्टलवरून प्रतिनिधी म्हणून नेमा.

फीचं बोलणं लेखी घ्या, आणि टप्प्याटप्प्याने: स्थगितीच्या अर्जाचे किती, पहिल्या अपिलाचे किती, न्यायाधिकरणात गेलं तर किती. पहिलं अपील दोन-तीन वर्षं पडून राहणं नवं नाही. तेवढ्या काळात दर सुनावणीचे वेगळे पैसे लागणार का, तेही त्याच कागदावर येऊ द्या.