सिझरनंतर नॉर्मल हवंय आणि डॉक्टर ‘बघू’ म्हणतायत? या चुका टाळा

माझं पहिलं सिझर, दुसरी डिलिव्हरी नॉर्मल. मधल्या काळात मी बऱ्याच चुका केल्या आणि आता ओळखीतलं कोणी दुसऱ्यांदा प्रेग्नंट राहिलं की मी त्याच गोष्टी फोनवर सांगत असते, म्हणून एकदा सगळं लिहून काढतेय.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे ‘बघू’ला हो समजणं. तिसऱ्या महिन्यात मी विचारलं, मॅडम यावेळी नॉर्मल होईल ना, त्या म्हणाल्या बघू ना, आत्तापासून कशाला टेन्शन घेताय, आणि मी खूश होऊन घरी आले. पुढे दर व्हिजिटला तेच. छत्तिसाव्या आठवड्यात सोनोग्राफीचा रिपोर्ट बघता बघता त्या म्हणाल्या, पहिलं सिझर आहे ना, मग आता सिझरच, आम्ही रिस्क घेत नाही, मुहूर्त काढायचा असेल तर काढून तारीख सांगा. नववा लागलेला आणि नव्या ठिकाणी कोणी नाव घालून घ्यायला तयार नाही, त्या आठवड्यात मी किती रडले ते मलाच माहीत. पण खरं सांगायचं तर मी नीट विचारलंच नव्हतं. ‘होईल ना’ याचं उत्तर कुठलाच डॉक्टर देऊ शकत नाही. विचारायचं असं, की तुमच्याकडे गेल्या वर्षात सिझरनंतर किती जणींनी नॉर्मल ट्राय केलं आणि किती जणींची झाली? रात्री दोनला गरज पडली तर भूल देणारे डॉक्टर किती मिनिटांत येतात? ड्यू डेट उलटली तर किती दिवस थांबता? तुम्ही गावाला असाल तर कोण बघणार आणि त्यांना हे चालतं का? हे चौथ्या-पाचव्या महिन्यातच विचारा, आणि आकडा न सांगता विषय बदलला तर ते नाही म्हणतायत असं धरून पुढच्या तयारीला लागा. डिलिव्हरीला माहेरी जाणार असाल तर तिथल्या डॉक्टरांनाही आत्ताच जाऊन भेटा, सातव्या-आठव्या महिन्यात नव्या डॉक्टरकडे गेलं की बहुतेक ठिकाणी सरळ सिझरचीच तारीख मिळते.

दुसरी चूक, जुने कागद न शोधणं. पोटावरचा टाका आडवा आहे म्हणजे आतला पण आडवाच असेल असं आपण समजतो, पण वरची कातडी आणि आतली गर्भपिशवी यांचे छेद वेगळे असू शकतात. माझं डिस्चार्ज कार्ड मुलीच्या लसीकरणाच्या फायलीत चार घड्या घालून ठेवलेलं सापडलं, त्यावर एकच ओळ, ‘इमर्जन्सी एलएससीएस, एनपीओएल’. पहिल्याचा अर्थ पिशवीच्या खालच्या भागात छेद घेतलाय, दुसऱ्याचा अर्थ कळा येऊनही डिलिव्हरी पुढे सरकत नव्हती. तीन वर्षं माझ्या घरात पडलेला कागद आणि मी वाचला नव्हता! शक्यतो ऑपरेशन नोट्स पण मागून घ्या. मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमांप्रमाणे मागितल्यापासून ७२ तासांत रेकॉर्ड द्यायला पाहिजे, आणि ३ वर्षं जपून ठेवायचं बंधन आहे, म्हणून उशीर करू नका. पहिलं सिझर बाळ पायाळू होतं म्हणून झालं असेल तर तुमचे चान्सेस चांगले, कारण यावेळी बाळ डोक्याकडून असू शकतं.

आता ‘एकदा सिझर म्हणजे कायम सिझर’ हे वाक्य. ते न्यूयॉर्कच्या डॉ. एडविन क्रॅगिन यांनी १९१६ साली लिहिलं, तेव्हा पिशवीवर उभा छेद घ्यायचे. आता छेद बहुतेक वेळा खालच्या भागात आडवा असतो, आणि असा एक छेद असलेल्या ज्या बायका प्रयत्न करतात त्यातल्या साधारण ६० ते ८० टक्के जणींची नॉर्मल होते, आधी एक नॉर्मल झालेली असेल तर ८५ ते ९०. पिशवीचा जुना टाका उकलायचा धोका साधारण २०० मधे १. हा आकडा लहान आहे, पण ते झालं तर मिनिटांवर खेळ असतो, हे मनात पक्कं असू द्या.

म्हणूनच तिसरी चूक, प्रत्येक ‘नाही’ सारखाच समजून डॉक्टरांशी भांडत बसणं. मागचा छेद उभा असेल, पिशवी आधी कधी उकलली असेल, वार (प्लासेंटा) पिशवीच्या तोंडावर आली असेल तर तो नाही खरा आहे, ऐका. दोन डिलिव्हरींमधे अठरा-एकोणीस महिन्यांपेक्षा कमी अंतर असेल तरी धोका वाढतो. पण छोट्या नर्सिंग होममधे एकच डॉक्टर, भूल देणारे बाहेरून येणार, रक्तपेढी लांब, अशा वेळी तो नाही तुमच्या शरीराचा नसतो, त्या जागेचा असतो. तिथे हट्ट धरून डिलिव्हरी करून घेऊ नका, मॅडम मग मला कुठे पाठवाल, चिठ्ठी द्या असं म्हणा. सरकारी मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलमधे चोवीस तास भूलतज्ज्ञ, ऑपरेशन थिएटर, रेसिडेंट डॉक्टर असतात. गर्दी असते, खाट खिडकीजवळ मिळेलच असं नाही, पण २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशभरात खाजगीत ४७.४ टक्के डिलिव्हऱ्या सिझर होत्या आणि सरकारीत १४.३. अवघड केसेस सरकारीत पाठवल्या जातात हे धरलं तर हा फरक विचार करण्यासारखा आहे.

शेवटच्या महिन्यात ‘नाळ गळ्याभोवती आहे, वजन जास्त आहे, पाणी कमी आहे’ हे येतं. घाबरून लगेच सही करू नका आणि उडवून पण लावू नका, आकडा विचारा. नाळ गळ्याभोवती असणं खूप कॉमन आहे, फक्त तेवढ्यासाठी सिझर लागत नाही, आणि सोनोग्राफीतलं वजन दहा-पंधरा टक्के इकडेतिकडे होऊ शकतं. पाणी खरंच कमी असेल किंवा ठोके बिघडले असतील तर मात्र डॉक्टरांचं ऐकायचं.

आणि ही चूक तर कृपा करून कोणी करू नका. उशिरा गेलं की कापायला वेळच मिळणार नाही, म्हणून घरीच कळा काढत बसा, असा सल्ला मला दोन जणींनी दिला होता. एक टाका असताना हे जीवघेणं आहे, कळा सुरू झाल्या की निघायचं, तिथे ठोक्यांचं मशीन सतत लावतात ते लावू द्यायचं. पहिलं सिझर लपवायचं तर अजिबात नाही, कारण कळा यायला वापरतात ती मिसोप्रोस्टॉलची गोळी टाका असलेल्या पिशवीला चालत नाही. एरंडेल वगैरे घरी घेऊ नका. दोन कळांच्या मधे पण टाक्याच्या जागी दुखत राहिलं, रक्त गेलं, चालू असलेल्या कळा एकदम थांबल्या, तर ताबडतोब ओरडून सांगा.

घरच्यांना शेवटी सांगणं ही पण चूकच. सासूबाईंना वाटत होतं मी हट्टाने बाळाचा जीव धोक्यात घालतेय, तो डिस्चार्ज कार्डाचा अर्थ त्यांना आधी समजावला असता तर त्या दिवशी बाहेर कॉरिडॉरमधे वाद झाला नसता. संमती तुमची लागते, शुद्धीवर असलेल्या सज्ञान बाईऐवजी घरच्यांची सही चालत नाही, सुप्रीम कोर्टाने २००८ साली एका केसमधे तशा अर्थाचंच म्हटलंय. पण कळा सुरू असताना कायदा बोलायला कोणाला सुचतं? नवऱ्याला आठवा महिना लागायच्या आत सोबत नेऊन डॉक्टरांसमोर बसवा.

मला सदतिसाव्या आठवड्यात मेडिकल कॉलेजच्या ओपीडीत घेतलं. तिथल्या डॉक्टरांनी ते घड्या पडलेलं कार्ड उजेडात धरून वाचलं, ऑपरेशन नोट्स आहेत का विचारलं, आणि म्हणाले, प्रयत्न करू, पण ठोके बिघडले तर मी तुम्हाला विचारत बसणार नाही, चालेल? मी म्हटलं चालेल. हो-नाहीचं स्पष्ट उत्तर मला सदतीस आठवड्यांत पहिल्यांदा मिळालं.