चाचणी निवडण्याआधी हाका नव्हे, प्राणी मोजा

6 पक्ष्यांच्या प्रत्येकी 50 हाका ध्वनिमुद्रित केल्या म्हणून नमुना 300 चा होत नाही. एकाच पक्ष्याच्या हाका एकमेकींसारख्या असतात, त्यामुळे सगळ्या एकत्र टाकून टी-टेस्ट (दोन गटांच्या सरासरींची तुलना) लावली की पी-व्हॅल्यू (खरा फरक नसतानाही निव्वळ योगायोगाने निदान इतका फरक दिसण्याची शक्यता) फसवी लहान येते. एकाच पक्ष्याच्या अनेक नोंदी विचारात घेणारे मिक्स्ड मॉडेल घ्या आणि पक्ष्याची ओळख त्यात रँडम इफेक्ट (पक्ष्यापक्ष्यांतला फरक दाखवणारा घटक) म्हणून टाका. मिनिटाला किती हाका, अशी मोजणी असेल तर मोजणीच्या आकड्यांसाठीचे पॉयसन मॉडेल. आकडे त्यासाठी फारच विखुरलेले असतील तर निगेटिव्ह बायनॉमियल मॉडेल.

ध्वनिमुद्रण ऐकवून प्रतिसाद बघायचा प्रयोग असेल आणि तुलनेचे दोन्ही आवाज त्याच पक्ष्यांना ऐकवले असतील तर जोडीची विल्कॉक्सन चाचणी (प्रत्येक पक्ष्याच्या दोन प्रतिसादांतला फरक तपासणारी) चालते. मात्र 5 च जोड्या पुरत नाहीत: पाचही पक्षी एकाच दिशेने वागले तरी दुतर्फा (फरक कोणत्याही दिशेचा धरून काढलेली) पी-व्हॅल्यू 0.0625 च्या खाली, म्हणजे नेहमीच्या 0.05 या मर्यादेखाली, जातच नाही. हे प्रयोगाआधीच बघा. आणि ऐकवायला एकच ध्वनिमुद्रण पुन्हापुन्हा वापरू नका, वेगवेगळ्या पक्ष्यांची घ्या.