देवयानी दीर्घिका नुसत्या डोळ्यांनी

नोव्हेंबरात अमावास्येच्या आसपास रात्री नऊला, शहराच्या दिव्यांपासून दूर, उत्तरेकडे तोंड करून उभे राहा. शर्मिष्ठा (कॅसिओपिया) या तारकासमूहाचे पाच तारे इंग्रजी एम अक्षरासारखे दिसतील. त्यातलं डावीकडचं अणकुचीदार टोक बाणासारखं धरा आणि हात लांब करून तिथून साधारण दीड मूठ वर जा. तिथला पुसट, लांबट ठिपका म्हणजे देवयानी दीर्घिका (अँड्रोमेडा गॅलेक्सी), म्हणजे ताऱ्यांचा प्रचंड मोठा समूह. तिचा प्रकाश सुमारे 25 लाख वर्षं प्रवास करून आलेला.

दिसत नाहीये? मग तिच्याकडे थेट बघूच नका. नजर किंचित बाजूला ठेवा. मंद प्रकाश टिपणाऱ्या दंडपेशी दृष्टिपटलाच्या (डोळ्याच्या आतल्या पडद्याच्या) मध्यबिंदूवर नसतात, त्याच्या भोवती असतात. आणि मोबाइल अर्धा तास खिशातच राहू दे! एकदा स्क्रीन बघितलीत की अंधाराला सरावलेले डोळे पुन्हा पहिल्यापासून.