गावाशेजारी कॉलेज, रस्त्यावर कोंडी: तक्रार करताना या चुका टाळा

दिवाळीनंतर एखाद्या सकाळी साडेनऊला फाट्यावरच्या टपरीवर बसून पाहा. एसटी, काळीपिवळी, ट्रिपल सीट पोरं, आणि या सगळ्यांच्या मधोमध जिनिंगकडे निघालेली कापसाची बैलबंडी. समोरून ट्रॅक्टर-ट्रॉली आली की कोणाला तरी डांबर सोडून खाली उतरावं लागतं. पावसाळ्यात खाली उतरला तो काळ्या मातीत रुतला. मग आरडाओरड, आणि पुढच्या ग्रामसभेत ठराव: "कॉलेज हटवा!"

इथंच पहिली चूक होते. कॉलेज हटत नाही, आणि आपल्याच पोरी तिथं शिकत असल्यानं ते हटावं असं गावालाही मनातून वाटत नाही. मागणी अशी करा जी कोणाला तरी मंजूर करता येईल.

डोकी मोजता, वाहनं मोजत नाही

"हजार पोरं येतात" हे अर्जात लिहून काही होत नाही. अभियंता प्रवासी कार एकक, म्हणजे पीसीयू (एखादं वाहन किती कारइतका रस्ता अडवतं याचं माप), विचारतो. इंडियन रोड्स काँग्रेसच्या १९९० च्या ग्रामीण रस्त्यांच्या मार्गदर्शिकेत दुचाकी अर्धा एकक, कार एक, बस किंवा ट्रक तीन, ट्रॉलीसह ट्रॅक्टर साडेचार आणि बैलबंडी तब्बल आठ. सपाट भागात ३.७५ मीटरचा एकपदरी रस्ता दिवसाला सुमारे २,००० एककं पेलतो, ५.५ मीटरचा ६,००० आणि ७ मीटरचा १५,०००.

आता समजा, तासाभरात २४० दुचाक्या, ४ बस, ६ ट्रॉल्या आणि ५ बंड्या गेल्या. दुचाक्यांची १२०, बसची १२, ट्रॉल्यांची २७, बंड्यांची ४०. झाली १९९. एकपदरी रस्त्याच्या दिवसभराच्या क्षमतेचा दहावा हिस्सा एका तासात! पण यातली ६७ एककं आपल्याच शेतीची आहेत. तीही वहीत मांडा. लपवली तर पाहणीला आलेला माणूस ती पहिल्याच दिवशी दाखवून देईल आणि उरलेल्या आकड्यांवरही त्याचा विश्वास बसणार नाही.

मोजणी दोनदा करा: एकदा जुलैत, एकदा कापसाच्या हंगामात. सुट्टीत किंवा परीक्षेच्या दिवसांत केलेली मोजणी रद्दीत जाते.

कॉलेजच्या जमिनीला "एनए (अकृषक परवानगी) नाही" यावरच अडून बसता

गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आतली जमीन, महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ४२-ड नुसार, निवासी किंवा प्रादेशिक योजनेत बसणाऱ्या वापरासाठी अकृषक झालेलीच मानली जाते. तिथं हा मुद्दा उचलला की समोरचा वकील हसतो. त्यापेक्षा मंजूर नकाशा आणि विकास परवानगीची प्रत माहितीच्या अधिकारात मागवा. १९६६ च्या प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियमात परवानगी अटी घालून देता येते. प्रवेशरस्ता किती रुंद दाखवला, पार्किंग कुठं दाखवलं, हे नकाशावर असतं. पार्किंगच्या जागी कँटीनचं शेड उभं असेल, तर त्याचा फोटो नकाशाशेजारी ठेवा. हे दोन कागद पंचवीस सह्यांपेक्षा जड भरतात.

परवानगी अजून मिळायची असेल तर हरकत आत्ताच, लेखी द्या. भिंती उभ्या राहिल्यावर जाग येणं हा आपल्याकडचा जुनाच रोग!

चुकीच्या टेबलावर अर्ज

किलोमीटरच्या दगडाचं डोकं बघा. पिवळं असेल तर राष्ट्रीय महामार्ग, हिरवं असेल तर राज्य मार्ग, नारिंगी असेल तर ग्रामीण रस्ता. दगडच गायब असेल तर रस्त्याचा क्रमांक विचारून घ्या. प्रमुख जिल्हा मार्ग सहसा सार्वजनिक बांधकाम विभागाकडे, तर ग्रामीण मार्ग जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाकडे असतो. ग्रामपंचायतीवर मोर्चा नेऊन साइडपट्टीवर मुरूम पडत नाही.

मागण्या छोट्या ठेवा. बस कॉलेजच्या स्वतःच्या जागेत वळावी, फाटक वळणावरून सरळ भागात न्यावं, साइडपट्टीला मुरूम टाकावा, पहिला तास अर्ध्या तासानं पुढे सरकवावा. शेवटची मागणी बिनखर्चाची आहे, पण प्राचार्यांच्या गळी उतरवायला तीच सगळ्यात अवघड.

आणि आपल्या घरातलं अकरावीचं पोरगं मोटरसायकलवर जात असेल तर जरा जपून बोला. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीनानं गाडी चालवून गुन्हा केला तर पालकाला २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. एसटीचा विद्यार्थी पास ६६.६७ टक्के सवलतीत मिळतो, तो काढून द्या.

पांदणीवर गाड्या लागल्या तर

पोरांनी पांदणीत (शेतात जायच्या वाटेवर) गाड्या लावल्या, किंवा संस्थेनं कुंपण पुढं सरकवून ती अडवली, तर तहसीलदाराकडे जा. मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ खाली अडथळा काढण्याचा दावा तिथं चालतो. मात्र अडथळा आल्यापासून सहा महिन्यांच्या आत. आमच्या धुऱ्याला लागून वावर असलेले एक काकाजी "हंगाम होऊ दे, मग पाहू" म्हणत थांबले. कापूस घरात आला, तूर निघाली, आणि ते अर्ज घेऊन गेले तेव्हा सातवा महिना लागला होता.